आवंदा कोयता बाहेर काढायचा नाही

ती. आई आणि ती. आण्णा यांस साष्टांग नमस्कार.

बाळू, हे पत्र दोघांना शेजारी बसवून वाच. मधलं काही गाळू नकोस. आण्णा उठून बाहेर गेले तर ते येईपर्यंत थांब.

ऊसतोडीला न्यायला मुकादम मामांनी आगाऊ दिलेली उचल मी सोमवारी फेडली. सगळी फेडली, मागच्या साली फिरलेल्या बाकीसकट. पैसे बँकेतून बँकेत गेलेत, पावती माझ्याकडे आहे. आण्णांनी सही करून दिलेला कोरा चेक आणि स्टॅम्प पेपर आणायला मोठे काका आणि बाळू जातील. तेव्हा आवंदा दसरा झाल्यावर तुम्हाला कुठं जायचं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून आधी केलं आणि आता सांगतेय.

आण्णा, रागावू नका, हिशेब तुम्हीच करून बघा. ऊसतोडीचे टनाला ३६६ रुपये. मागच्या करारात ३४ टक्के वाढ झाली म्हणून आपल्याकडे केवढा गुलाल उधळला होता! तुम्ही दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडता, तेही गुडघा साथ देईल तेव्हा. म्हणजे लाखाची उचल फिटायला पावणेतीनशे टन, साडेचार महिने, एकही खाडा न करता. मागच्या साली पट्टाच त्याआधी पडला, हंगाम संपला. मग बाकी फिरणार नाही तर काय होणार? मी कर्ज काढलेलं नाही. आरडी मोडली. ती माझ्या लग्नासाठी होती हे आई लगेच म्हणेल. आई, लग्नाची घाई तुला आहे, मला नाही. आणि ज्याला माझ्या आरडीकडे बघून लग्न करायचंय त्याच्याशी मला करायचं नाही.

आता एक गोष्ट, जी बाळूनं मला सांगितली आणि तुम्ही नाही सांगितली. तुम्ही या वेळी मुद्दाम कर्नाटकातला कारखाना धरला होता ना? ताईच्या कारखान्यावर तोडणीला गेलो तर आपल्यापायी तिला खाली बघावं लागंल, असं आण्णा म्हणाले म्हणे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आण्णा, माझ्या बारावीची फी, बीएस्सीचं वसतिगृह, तो पांढरा लॅबकोट, सगळं त्या उचलीतनंच आलंय. मी इथं कारखान्याच्या लॅबमध्ये रोज रसाचा ब्रिक्स आणि पोल काढते, म्हणजे रसात साखर किती ते बघते, आणि किती उतारा पडला, म्हणजे शंभर किलो उसाला किती किलो साखर, ते साहेबांना सांगते. बारा पडला की सगळे खूश. तो ऊस कुणीतरी पहाटे थंडीत वाकून तोडलेला असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

इथले लोक वाईट नाहीत. पण कॉलनी आणि तोडणीवाल्यांचा गाडीतळ यांच्यामध्ये एक रस्ता आहे. तळावरची माणसं तो ओलांडून येतात ती फक्त पाणी मागायला. एखादी तोडणीची टोळी रात्रीतनं पळाली की ऑफिसात म्हणतात, "मॅडम, तुमच्याकडचेच." आणि लगेच, "तुमच्या बोलण्यावरून मात्र वाटत नाही हो." हे त्यांना कौतुक वाटतं. मागच्या महिन्यात साहेबांनी सहज विचारलं, वडील काय करतात. शेती आहे म्हणता आलं असतं, आपलं दोन एकर कोरडवाहू आहेच की. मी म्हटलं, "आई-वडील ऊसतोडीला जातात, २० वर्षांच्या वर झाली." ते जरा गप्प बसले, मग त्यांनी चहा मागवला. एवढंच झालं. माझी नोकरी शाबूत आहे, काळजी करू नका.

गावात सगळे म्हणतात, पोरगी हुशार निघाली. मागच्या हंगामात तळावर एक नऊ-दहा वर्षांची पोर होती. कडेवर भाऊ, पुढ्यात वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या. गिऱ्हाइकानं दोनशेची नोट दिली की किती पेंढ्या, किती सुटे, सगळा हिशेब तोंडी, आणि तोवर भावाचं नाक पुसून व्हायचं. शाळा विचारली तर म्हणाली, गावाकडं चौथीत नाव आहे. नाव गावाकडं आणि पोरगी तळावर. माझ्याजवळ तिच्यापेक्षा काय जास्त होतं? आजी होती. तुम्ही मला तिच्यापाशी ठेवून गेलात म्हणून माझं नाव आणि मी एका गावात राहिलो. वरच्या आळीतल्या माझ्या मैत्रिणीला आजी नव्हती. एकटीला कुठं ठेवायचं, आणि नवरा-बायकोची जोडी असली की पुरता कोयता होतो, उचल वाढते, म्हणून आठवीतच तिचं लग्न उरकलं. गणितात ती माझ्या पुढं होती.

आई, तू निघताना माझ्या डोक्याला इतकं तेल चोपडायचीस की आठवडाभर उशी ओली. आणि मी रडू नये म्हणून पहाटे मी झोपलेली असतानाच ट्रक सुटायचा. मी जागी असायचे. कधी सांगितलं नाही तुला.

तुझ्या तब्येतीचं आता ऐकावंच लागेल. ३२ व्या वर्षी गर्भपिशवी काढली. कारण काय, तर दुखतंय म्हणून घरी बसलीस की खाडा पडतो. २०१९ साली सरकारी पाहणी झाली तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यात ८२ हजार तोडणीवाल्या बायकांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा 'माझ्याच नशिबात होतं' हे म्हणायचं बंद कर. त्या वयात पिशवी काढली, त्यातही बीजकोश काढले असतील, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं आता बंद म्हणजे बंद. बीडच्या सिव्हिलला जाऊन हाडांचं दाखवायचं. ऑपरेशनचे कागद पत्र्याच्या पेटीत आहेत, ते बरोबर न्यायचे. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा, आणि शेजारच्या काकूंना वाटायच्या नाहीत.

घरखर्चाचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला बाळूच्या खात्यावर येतील. गॅस वापरा, सिलिंडर पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. पलंग सांगितलाय, आईनं त्यावर झोपायचं, त्यावर गोधड्यांची चळत लावायची नाही. आण्णा, तुम्हाला रिकामं बसवणार नाही हे माहीत आहे. दोन शेळ्या घ्या, जास्त नको. तुरीकडं बघा. हार्वेस्टर आलाय, आत्ताच काय ते कमवून घेऊ, हे तुमचं म्हणणं मी ऐकलंय, पण मशीन आलं म्हणून माणसानं त्याच्याआधी मोडायचं नसतं. कोयते विकू नका म्हणाल तर नका विकू. आढ्याला खोचून ठेवा, बाहेर मात्र काढायचे नाहीत. संक्रांतीला आई पहिल्यांदा आपल्या दारात सुगडी पुजेल, मी सुट्टी टाकलीय.

दिवाळी झाली की आठ दिवस इकडं या. क्वार्टरला दोन खोल्या आहेत, गरम पाणी आहे. कारखाना मी दाखवीन, ऊस टाकतात त्या गव्हाणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत. साहेबांना सांगून ठेवलंय. नवी साडी घेत बसू नका. एसटीनं या, जीपनं नको. आईला अर्धं तिकीट आहे, तिला पूर्ण काढू देऊ नका. आण्णा, तुम्हाला पूर्णच पडेल, त्याला माझा इलाज नाही.

तुमची,
ताई

ता. क. बाळू, चेक परत मिळाला की फाडायच्या आधी त्याचा फोटो मला पाठव. मामा गोड बोलून 'उद्या देतो' म्हणतील. उठू नका तिथून.