ताई, तुम्ही मला गप्प बसायला शिकवलंत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. तेही उघड, कारण मुलाला शाळेबाहेर, त्याच्या ओढीने शिकू द्यावं असं वाटणारे आईबाप मला हल्ली वरचेवर भेटतात. त्यांना वाचायला भरपूर मिळतं. मात्र घाबरल्यावर फोन करावा असं माणूस मिळत नाही. मला ते मिळालं.

लेकीने पाचवीनंतर शाळा सोडली तेव्हा मी तुम्हाला पहिला प्रश्न विचारला तो वेळापत्रकाचा. तुम्ही म्हणालात, "आधी तिच्या अंगातली शाळा उतरू दे." जितकी वर्षं शाळेत, तितके महिने मोकळे, असा ढोबळ हिशेब या वाटेवरचे लोक धरतात, आणि तो शास्त्रीय नियम नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. ती दिवसदिवस लोळायची, चित्रं काढायची, आणि नातेवाईक विचारायचे, "मग आता काय?" तुम्ही एक वही करायला लावलीत. रोज तिने काय केलं ते लिहायचं, काय केलं नाही ते लिहायचं नाही. त्या वहीने मला धीर दिला.

चित्रांसाठी बक्षीस ठेवू या, असं घरात निघालं तेव्हा तुम्ही मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ सालचा प्रयोग सांगितलात. मुळात चित्रांची आवड असलेली बालवाडीतली मुलं. त्यांतल्या काहींना चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल असं आधीच कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना न सांगता बक्षीस मिळालं, त्यांची आवड मात्र तशीच राहिली. बक्षिसाचा विषय तिथेच संपला.

पण खरे आभार मानायचे आहेत ते चंद्राच्या वहीसाठी. चंद्र रोज उशिरा का येतो, असं तिने विचारलं. मी उत्तर द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात तुमचं वाक्य आठवलं: "तिचा प्रश्न तिच्याकडेच राहू दे, तू फक्त घड्याळ दे." पौर्णिमेनंतरचे दिवस होते. समोरच्या इमारतीच्या कठड्यावर चंद्राची कड दिसली की ती वेळ लिहायची. ६:०५, मग ६:५२, मग ७:४१. पहिली वजाबाकी बरोबर आली, ४७. दुसरी तिने साध्या आकड्यांसारखी केली, ७४१ वजा ६५२, आणि उत्तर आलं ८९. "आज एवढा कुठे रेंगाळला?" असं म्हणून ती त्या आकड्याकडे बघत बसली. मला सांगायची अशी काही उबळ आली की मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने आतून हाक आली, "आई, तासात शंभर मिनिटं नसतातच ना! हातचा साठाचा घ्यायचा!" ८९ खोडून तिने ४९ लिहिलं. पुढचे आकडे कधी थोडे कमी, कधी थोडे जास्त. सरासरी काढायची असते हे तिला ठाऊक नव्हतं, पण "रोजचा मिळून एकच आकडा" तिला हवा होता, आणि तो पन्नासच्या आसपास आला. चंद्राचा उशीर सरासरी तेवढाच असतो. हे मी तिला आधीच सांगितलं असतं, तर एका वाक्यात सगळं आटोपलं असतं.

या वाटेचं तुम्ही कधी गुलाबी चित्र रंगवलं नाहीत, याबद्दलही आभार. अमेरिकन शिक्षक-लेखक जॉन होल्ट आधी वर्गात शिकवत होते, शाळा सुधारतील अशी आशा धरून होते, आणि १९७७ साली त्यांनी शाळेबाहेर शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी नियतकालिक काढलं, हे जसं तुम्ही सांगितलंत, तसंच हेही ठणकावलंत की घरात कुणा मोठ्याला वेळ नसेल तर मोकळीक म्हणजे नुसतं वाऱ्यावर सोडणं होतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरी व्हॅली शाळेत १९६८ पासून तासांची सक्ती नाही, पण तिथे शंभर गोष्टींत रमलेली इतर मुलं असतात, आणि नियम ठरवताना लहानग्यालाही मोठ्यांइतकंच एक मत असतं. "तुझ्या घरात ती मुलं कुठून आणणार?" हा तुमचा प्रश्न मला बोचला. म्हणून तर आम्ही चार घरं आता आठवड्यातून एकत्र जमतो. तरी सोबतीचा प्रश्न पुरता सुटलाय असं मी म्हणणार नाही. ती अजून कधीकधी जुन्या मैत्रिणींसाठी रडते.

आता एक विनंती. परवा तिला भरती-ओहोटीचं एक कोष्टक मिळालं. भरतीची वेळही रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते हे पाहून ती वही घेऊन धावत आली. मी काही बोलले नाही. पण तिला आता बंदरावर काम करणाऱ्या माणसाशी बोलायचंय, आणि तुमच्या ओळखी सगळीकडे आहेत. कुणी असेल तर कळवाल का? प्रश्न तिने लिहून ठेवलेत.

तुमची,
एक आई