एमजीबीचा पंप उतरवण्यापूर्वी

सॅक्रामेंटो

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या एमजीबीचे, म्हणजे त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचे, बोनेट उघडून काढलेले फोटो मिळाले. प्रदूषण कमी करण्यासाठी बसवलेला हवेचा पंप आणि सगळ्या नळ्या काढून टाकायच्या आणि इंजिन मोकळे करायचे, असा तुझा बेत दिसतो. म्हणून हे पत्र जरा लांबणार. त्या नळ्यांपैकी निम्म्या काढल्या तरी चालतील. उरलेल्या निम्म्या काढल्यास तर गाडी बिघडेल, आणि कशाने बिघडली ते लवकर सापडायचे नाही.

आधी कायद्याचे. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, नाही. तुझी 1972 ची, म्हणजे तपासणीतून सुटली. पण तपासणी नाही म्हणजे परवानगी आहे असे नव्हे. क्लीन एअर ॲक्टची, म्हणजे अमेरिकेच्या हवाशुद्धीच्या कायद्याची, 1990 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून प्रदूषण रोखणारी उपकरणे निकामी करायला खुद्द मालकालाही मनाई आहे. त्याआधी ती मनाई विक्रेते आणि गॅरेजवाले यांच्यापुरती होती. हे जाणून काय करायचे ते तू ठरव. गाडी 1976 ची असती तर मी ‘हात लावू नकोस’ एवढेच लिहून पत्र संपवले असते.

आता इंजिन. तुला हे परके वाटायला नको. हे बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) बी-सिरीज, 1798 सीसी. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये याच घराण्यातले 1489 सीसीचे होते. इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, मधल्या दोन सिलेंडरांचा एक्झॉस्ट एकाच तोंडातून बाहेर, बाजूला टॅपेट चेस्टचे (व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट असतात त्या कप्प्याचे) पत्र्याचे झाकण, सगळे तेच. फरक एवढाच की 1968 पासून अमेरिकेत आलेल्या एमजीबीवर हवेचा पंप चढवला गेला.

पंप वॉटर पंपाच्या पुलीवरून वेगळ्या पट्ट्याने फिरतो. त्याची हवा दोन वाटांनी जाते. एक वाट चेक व्हॉल्व्हमधून (हवा एकाच दिशेने सोडणारी झडप) सिलेंडर हेडवरच्या नळीत, आणि तिथून चार बारीक इंजेक्टरांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे. न जळता उरलेले पेट्रोल तिथे जळावे, हा हेतू. दुसरी वाट गल्प व्हॉल्व्हकडे. ॲक्सिलरेटर एकदम सोडला की इनलेट मॅनिफोल्डमधला (कार्बोरेटरकडून सिलेंडरांकडे जाणाऱ्या वाटेतला) व्हॅक्यूम वाढतो आणि भिंतींना चिकटलेले पेट्रोल एकदम ओढले जाते. गल्प व्हॉल्व्ह त्या क्षणी थोडी हवा आत सोडतो, नाहीतर सायलेन्सरमध्ये बार उडतो.

पंप काढल्याने ताकद वाढते, हे डोक्यातून काढून टाक. पंप खातो ते किरकोळ आहे. अमेरिकेतली गाडी मंद वाटते ती मुख्यतः कॉम्प्रेशन 8:1 वर आणल्यामुळे. इंग्लंडमध्ये ते याहून जास्त होते. पंप काढायची खरी कारणे वेगळी: बेअरिंग घरघरतेय, गल्प व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय, चेक व्हॉल्व्ह जळलाय आणि सगळे एकदम बदलायला खिसा परवानगी देत नाही. पंप ठीक असेल तर राहू दे, असेच मी म्हणेन.

ठीक आहे की नाही ते असे बघ. इंजिन गरम करून आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू, ठेव आणि गल्प व्हॉल्व्हकडून इनलेट मॅनिफोल्डला जाणारी जाड नळी पकडीने चेप. आयडल सुधारले, तर त्या व्हॉल्व्हमधून कायम हवा गळतेय. चेक व्हॉल्व्हची नळी काढून आतून बघ. रबर भाजून कडक झाले असेल, तर एक्झॉस्ट उलटा येतोय. व्हॉल्व्ह सुटा करून तोंडाने फुंक. हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. फक्त पट्टा काढून बाकी सारे तसेच ठेवतात, ते चाचणीपुरते ठीक. तशी गाडी पळवत राहिलास तर थंड हवा नसल्याने एक्झॉस्टची धग नळीत आणि चेक व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते आणि दोन्ही जळतात.

काढायचेच ठरले तर प्रत्येक भागानंतर इंजिन चालू करून बघ. सगळे एकाच रविवारी उतरवू नकोस, कारण मग बिघाड कोणत्या भोकातून आला ते कळत नाही.

हेडवरची नळी चार नटांनी धरलेली असते. पन्नास वर्षांच्या उष्णतेने ते नट नळीला धरून बसतात आणि पाना फिरवला की नळीच पिळते. म्हणून आदल्या रात्रीपासून दोन-तीनदा गंज सोडवणारे तेल सोड, फ्लेअर नटाचा पाना वापर आणि सुटला नाही तर नटालाच गॅसची आच दे. इंजेक्टर म्हणजे हेडमध्ये सैल बसणाऱ्या छोट्या नळ्या. सहज निघाल्या तर काढ, नाही निघाल्या तर राहू देत. त्यांच्याशी झटापट करून हेड खराब करू नकोस. भोकातली काजळी साफ करायची तर इंजिन हाताने फिरवून त्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद स्थितीत आण आणि 1/8 इंची ड्रिल बिट हातानेच फिरव. विजेचे ड्रिल लावलेस तर बिट खाली व्हॉल्व्हला लागते.

भोके बुजवायला 7/16 इंच, 20 आट्यांचे यूएनएफ (इंची मापाच्या बारीक आट्यांचे) प्लग लागतात, आपल्या मिस्त्रीच्या मापात साडेतीन सूत. लांबी अर्ध्या इंचाच्या आसपास. घेण्यापूर्वी आपल्या हेडवर आटे मोजून घे. मिलिमीटरचा बोल्ट ‘बसतोय’ म्हणून दाबलास तर बिडाचे आटे सोलले जातात. प्लग फार लांबही नको. त्याचे टोक एक्झॉस्टच्या वाटेत आले तर लाल होऊन जळते, आणि आत इंजेक्टर राहिला असेल तर प्लग त्यावर टेकतो, वरून घट्ट वाटतो आणि बाजूने फुसफुसतो. आट्यांना तांब्याचे ग्रीस लाव, म्हणजे पुन्हा काढता येतील. थ्रेड टेप लावू नकोस, इथल्या उष्णतेत तिचा कोळसा होतो.

पंपाचे ब्रॅकेट गेल्यावर मूळचा बोल्ट ब्रॅकेटच्या जाडीइतका लांब ठरतो. तेवढ्या जाडीचे वॉशर घाल किंवा आखूड बोल्ट घे. नाहीतर तो तळाला टेकतो, घट्ट लागतो, पण खालचा जोड दाबतच नाही. पुलीची रिकामी खाच तशीच राहू दे. अल्टरनेटरचा पट्टा वेगळा आहे, त्याला काही होत नाही.

गल्प व्हॉल्व्ह गेला की इनलेट मॅनिफोल्डवर एक जाड आणि एक बारीक अशी दोन तोंडे उघडी पडतात. बहुतेक लोक इथे फसतात. दुकानातली रबरी टोपी लावतात, ती बोनेटखालच्या उष्णतेत काही महिन्यांत चिरते, आणि मग आयडल चढते, स्पार्क प्लग पांढरे पडतात, माणूस कार्बोरेटर उघडून बसतो. धातूचा आट्यांचा प्लग बसव. मात्र डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्यूमची नळी याच मॅनिफोल्डवरून जात असेल तर ते तोंड चुकूनही बुजवू नकोस. आधी प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नाव लिही, फोटो काढ, मग पाना उचल.

हवा गळतेय का ते बघायला आयडलवर जोडांजवळ कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मार. आवाज बदलला की गळती तिथेच. एक्झॉस्ट शेजारीच तापलेला असतो, तेव्हा फवारा थेंबभर आणि आग विझवण्याचे सिलेंडर हाताशी.

आता ज्याला हात लावायचा नाही ते. टॅपेट चेस्टच्या पुढच्या झाकणावरून निघून दोन्ही कार्बोरेटरना जाणारी इंग्रजी वायसारखी नळी पंपाच्या टोळीतली नाही. क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोटातला) धूर, पाण्याची वाफ आणि पेट्रोल ती ओढून घेते. ती काढून तिथे छोटा फिल्टर लावायची फॅशन आहे. दिसायला छान, पण ओढ संपते, क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि मागून तेल गळू लागते. या इंजिनाला मागे मुळातच तेल गाळायची खोड आहे, तिला खतपाणी कशाला?

या ओढीला बाहेरची हवा मिळते ती कोळशाच्या कॅनिस्टरमधून (पेट्रोलची वाफ धरणारा डबा) रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या नळीने. त्या नळीत 5/64 इंचाचे, म्हणजे सुमारे 2 मिलिमीटरचे भोक मुद्दाम ठेवले आहे. तेवढीच हवा आत यावी असा कार्बोरेटरचा हिशेब असतो. कुणी हे भोक मोठे केले, किंवा तेल भरण्याच्या तोंडावर जाळीची टोपी बसवली, की जास्त हवा येते आणि मिक्श्चर पातळ होते. तुझ्या गाडीला बिनभोकाचीच टोपी हवी. तपासणी सोपी: आयडलवर टोपी उचल, हलकी ओढ जाणवायला हवी आणि इंजिनाची चाल थोडी बदलायला हवी. काहीच बदल झाला नाही तर वाट कुठेतरी तुंबली आहे.

तो कोळशाचा कॅनिस्टरही ठेव. टाकीतली आणि कार्बोरेटरच्या फ्लोटमधली वाफ तो धरतो आणि इंजिन चालू झाल्यावर परत इंजिनालाच देतो. तो नसेल तर गॅरेजभर पेट्रोलचा वास, आणि गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर प्रश्न वासापुरता राहत नाही. शिवाय टाकीचे झाकण हवाबंद आहे. कॅनिस्टर काढून ती वाट बुजवलीस तर टाकीत पोकळी होते, वीस-तीस मैलांवर पेट्रोल येईनासे होते, आणि झाकण उघडले की ‘फस्स’ आवाज होऊन गाडी पुन्हा चालते. जरा नंतरच्या एमजीबीत चावी बंद केल्यावर इंजिन थांबवणारा व्हॉल्व्हही याच कॅनिस्टरवर अवलंबून असतो. तिथे कॅनिस्टर गेला की चावी काढल्यावरही इंजिन खडखडत राहते.

पंपापेक्षा जास्त त्रास देणारी चीज तुझ्या दीड इंची एसयू एचआयएफ 4 कार्बोरेटरमध्ये लपली आहे. थ्रॉटलच्या चकतीवर स्प्रिंगचा चिमुकला पॉपेट व्हॉल्व्ह असतो, गाडी इंजिनावर रोखली जाताना थोडे मिश्रण आत सोडण्यासाठी. स्प्रिंग थकली की तो आयडललाही उघडा राहतो. मग स्क्रू पूर्ण सैल केला तरी आयडल 1200 च्या खाली येत नाही. उपाय म्हणजे साध्या चकत्या बसवणे. चकती धरणाऱ्या दोन स्क्रूंची टोके फाकवलेली असतात. काढताना ती आधी जवळ आण, नाहीतर स्पिंडलचे आटे जातील. बसवताना स्क्रू नवेच घे. चकती बंद स्थितीत आपोआप मध्यावर बसू दे, मग स्क्रू आवळ आणि टोके पुन्हा फाकव. यात आळस नको: सुटलेला स्क्रू सरळ सिलेंडरमध्ये जातो.

शेवटी ट्यूनिंग. व्हॉल्व्हचे अंतर 0.015 इंच, स्पार्क प्लगचे 0.025, आयडल 850 च्या जवळपास. टायमिंग बोनेटखालच्या पट्टीवरच्या आकड्यावर ठेव, मग व्हॅक्यूमची नळी काढून 3500 आरपीएमला एकूण ॲडव्हान्स बघ. 32 अंशांच्या पुढे जाऊ देऊ नकोस. कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या नळकांड्यात) एसएई 20 तेल. जेट आधी ब्रिजच्या पातळीला आण आणि स्क्रू घड्याळाच्या दिशेने दोन फेरे फिरव, तिथून बारीक सुधार. एचआयएफमध्ये घड्याळाच्या दिशेने फिरवले की पेट्रोल वाढते. कार्बोरेटरचा पिस्टन त्याच्या उचलायच्या पिनने जेमतेम 1/32 इंच उचल. वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बसू लागले तर कमी. यंत्रावर धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मोजणार असशील तर पंप निघाल्यावरच मोज, कारण पंपाची हवा एक्झॉस्टमध्ये मिसळली की आकडा खोटा कमी दिसतो.

एवढे करूनही ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सर फटफटला तर कार्बोरेटरला दोष देण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पाइपचा जोड बघ. तिथून हवा शिरते आणि नेमका हाच आवाज करते.

पंप, नळी, व्हॉल्व्ह, ब्रॅकेट सगळे तेल पुसून, चिठ्ठ्या लावून एका खोक्यात ठेव. उद्या कुणी मूळ स्वरूपातली गाडी मागितली, तर ते खोके गाडीसोबत असलेले बरे.

प्लग मागवण्याआधी इनलेट मॅनिफोल्डचा वरून आणि मागून असा एकेक फोटो धाड. त्या बारीक तोंडावर नेमके काय जोडले आहे, ते तू पाठवलेल्या फोटोत दिसत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल