बजीच्या घरट्यात पिल्ले जास्त झाली, तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळीव प्राण्यांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यातली बहुतेक जागा कुत्र्या-मांजरांना जाते आणि पक्ष्यांच्या वाट्याला काही आलेच तर ते पिंजरा केवढा असावा नि दाणा कोणता घालावा, एवढ्यावर आटोपते. बजीच्या, म्हणजे बजरीगार या छोट्या पाळीव पोपटाच्या, जोडीने सात-आठ अंडी घातली आणि जवळजवळ सगळ्यांतून पिल्ले निघाली, तर पुढे काय करायचे, असे कोणी विचारले की ‘निसर्ग बघून घेईल’ असे तरी सांगण्यात येते, नाहीतर ‘पिल्ले काढून घ्या आणि सिरिंजने भरवा’ असे तरी. काही वर्षे बजी पाळल्यानंतर मला ही दोन्ही उत्तरे धोक्याची वाटतात, म्हणून हे पत्र.

बजीची मादी एका वेळी साधारणपणे चार ते सहा अंडी घालते. आठ किंवा त्याहून अधिक अंडीही पुष्कळदा दिसतात. ही अंडी एका दिवसात येत नाहीत, एक दिवसाआड एक अशी येतात, आणि मादी मात्र पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते. प्रत्येक अंड्याला सुमारे 18 दिवस लागत असल्यामुळे पिल्लेही ज्या क्रमाने अंडी आली त्याच क्रमाने, दिवसाआड बाहेर येतात. आठ अंड्यांचा हिशेब मांडून पाहिला, तर शेवटचे पिल्लू जन्मते तेव्हा थोरले जवळजवळ 14 दिवसांचे झालेले असते. त्याचे डोळे उघडलेले असतात, पिसांचे कोंब फुटलेले असतात आणि त्याच्या शेजारी जेमतेम 2 ग्रॅम वजनाचा, उघडा, आंधळा जीव पडलेला असतो. मोठ्या वेताची खरी अडचण पिल्लांच्या संख्येपेक्षा वयातल्या या अंतरात आहे.

बजीची आई या बाबतीत वाटते त्यापेक्षा शहाणी असते. नर तिला भरवतो आणि ती पिल्लांना भरवते. अगदी नवजात पिल्लाला ती आपल्या शरीरात तयार होणारा पातळ, पौष्टिक रस देते आणि मोठ्यांना मऊ झालेले दाणे देते. कोणाला काय द्यायचे हे तिला समजते, पण घरट्यात सात तोंडे उघडी असली की सर्वांत दुबळी हाक ऐकू येईलच असे नाही. शिवाय थोरल्यांच्या ढिगाखाली धाकटे चेंगरण्याची किंवा ढिगाबाहेर राहून गारठण्याची भीती असतेच. माझ्याकडच्या पहिल्या मोठ्या वेतातले सातवे पिल्लू असेच गेले. ‘हात लावला तर आई टाकून देते’ या समजुतीपायी मी तीन दिवस घरटे उघडलेच नव्हते. माणसांना सरावलेल्या बजीच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. मादी दाणा खायला बाहेर आली असताना दिवसातून एक-दोनदा घरट्यात डोकावले, पिल्लू उचलून पाहिले आणि परत ठेवले, तर ती ते निमूटपणे स्वीकारते.

पाहायचे काय, तर पिल्लाच्या मानेखालची अन्नपिशवी. पहिल्या दिवसांत त्वचा इतकी पातळ असते की आतले अन्न बाहेरून दिसते. ती पिशवी प्रत्येक फेरीत रिकामी आणि सपाट आढळली, पिल्लू हाताला गार लागले किंवा त्याचा आवाज क्षीण झाला, तर मदतीची वेळ झाली असे समजावे. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, त्यामुळे आधी ते ओंजळीत धरून ऊबदार करावे आणि मगच भरवण्याचा विचार करावा.

मदतीचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे दुसरी जोडी. दोन जोड्यांना एकाच सुमारास घरटी दिली असतील, तर गर्दीच्या घरट्यातली एक-दोन पिल्ले कमी पिल्ले असलेल्या घरट्यात, त्यांच्याच वयाच्या पिल्लांमध्ये ठेवता येतात. बजी परके पिल्लू सहसा नाकारत नाहीत. कोणते पिल्लू कोणाचे, हे मात्र त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे, कारण पुढे जोड्या लावताना सख्ख्या भावंडांची गाठ पडू नये.

दुसरी जोडी नसेल, तर सर्वांत धाकट्याला दिवसातून दोन-तीनदा पिल्लांसाठीचा तयार आहार थोडा थोडा भरवून पुन्हा आईजवळच ठेवावे. हा आहार सुमारे 39 ते 40 अंश सेल्सिअस असावा. त्याहून फार गरम असला तर अन्नपिशवी भाजते आणि गार असला तर अन्न आत तसेच साचून राहते. घाई केली तर ते श्वासनलिकेत जाते. पहिल्यांदा भरवणाऱ्याने पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून किंवा अनुभवी पाळणाऱ्याकडून हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे. सगळीच्या सगळी पिल्ले काढून माणसाने भरवावीत हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा पहाटेपासून रात्रीपर्यंत दर दोन-तीन तासांनी सात पिल्ले भरवून पाहावीत, इतकेच माझे नम्र म्हणणे आहे.

खरे तर अधिक लक्ष आईबापांच्या खाण्याकडे हवे. नुसत्या कोरड्या दाण्यावर सात पिल्ले वाढत नाहीत. भिजवून मोड आणलेले दाणे, पूर्ण उकडून बारीक केलेले अंडे, हिरवा पाला, आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेन हे सारे पिंजऱ्यात असावे. अंडे आणि मोड काही तासांत उचलून टाकावेत, कारण आंबलेले अन्न आईच्या चोचीतून थेट पिल्लांच्या पोटात जाते. पाणी एरवीपेक्षा जास्त लागते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

पिल्ले जास्त म्हणजे घाणही जास्त. पहिली पिल्ले दोन आठवड्यांची झाली की घरट्यातला लाकडी भुसा दर दोन-तीन दिवसांनी बदलावा, आणि नखांवर किंवा चोचीच्या आत वाळून बसलेली विष्ठा वा अन्न कोमट पाण्याने मऊ करून काढावे. तळ गुळगुळीत राहिला तर पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात. भुशाचा जाड थर आणि तळाला खोलगट खळगा असला, तर हे बरेचसे टळते.

साधारण 30 ते 35 दिवसांनी थोरले पिल्लू बाहेर पडते आणि तेथून पुढे त्याला भरवण्याचे काम मुख्यतः बाप करतो. नेमक्या याच सुमारास मादी पुन्हा अंडी घालायला लागते आणि घरट्यात उरलेल्या पिल्लांची पिसे उपटते, कधी त्यांना जखमीही करते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी थोरल्यांना बापासह वेगळ्या पिंजऱ्यात हलवावे, आणि शेवटचे पिल्लू बाहेर पडताच घरटे काढून घ्यावे. मोठे वेत वाढवलेल्या मादीला लगेच तिसऱ्यांदा बसू देणारे लोक मी पाहिले आहेत. अंडे अडकून मादी दगावली की ते नशिबाला बोल लावतात. वर्षाला दोन वेते पुरेत, आणि त्यातले एक आठ पिल्लांचे असेल, तर माझ्या मते त्या वर्षी दुसरे नकोच.

आपली,
एक पक्षीपालक वाचक