शिमग्याला येत नाही

ती. आई-बाबांना,
सा. न.

शिमग्याला मी येणार नाही. माकडतापाचे नमुने आता वाढत जाणार, म्हणून मे संपेपर्यंत लॅब सोडणार नाही असं कळवून टाकलंय. आई, तू म्हणशील, ताप बघायला डॉक्टर आहेत ना, तुझंच काय अडलंय?

अगं, ताप, डोकेदुखी, अंगदुखी हे डेंग्यूतही असतं, लेप्टोतही (उंदरांमुळे होतो तो ताप) आणि माकडतापातही. खरं काय ते रक्तातून काढावं लागतं. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट उतरल्या का हे मशीन सांगतं. पण जांभळ्या झाकणाच्या नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले, तर आकडा उगाच कमी येतो. म्हणून रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायचा. मलेरिया असला तर तोही तिथेच दिसतो. पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात असतो, तेव्हा पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी. पुढे तो ओसरतो, मग आयजीएम, म्हणजे त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधायची. फॉर्मवर तापाचा दिवस लिहिलेला नसेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबता येत नाही.

मेलेल्या माकडाचंही तसंच. मेंदू, यकृत, प्लीहा यांचे दोन-दोन तुकडे हवेत. एक फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन), ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर फॉर्मालिन आत पोचेपर्यंत मधला भाग कुजतो. दुसरा कोरा, बर्फावर, विषाणू शोधायला. सगळंच फॉर्मालिनमध्ये घातलं की विषाणू वाढवून बघता येत नाही आणि पीसीआरही बिघडतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हाच हा रोग पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या हाती लागला. २०१६ मध्ये तो आपल्या दोडामार्गात आला. माकडाचा रिपोर्ट वेळेत मिळाला, तर माणसं तापाने पडायच्या आधी कुठल्या वाडीला सावध करायचं ते कळतं. त्यासाठीच इथे थांबतेय.

माझी काळजी करू नका. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, गोचीड चावली की लागतो. नमुने सुरक्षा कपाटातच उघडतो, हातमोजे दुहेरी, मास्क एन-९५. डबा दोन्ही वेळा येतो, आंघोळीला गरम पाणी आहे, कुळथाचं पीठही अजून उरलंय.

काळजी तुमचीच वाटते. लहानपणी बागेतून आले की आई मला पडवीत उभं करून कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड शोधायची आणि मी गुदगुल्या होतात म्हणून पळायचे. आता रोज एकमेकांचं तसंच बघा. पिल्लू गोचीड तिळाहून लहान असते, तेव्हा चष्मा लावून. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नखाने चिरडू नका, रॉकेल लावू नका. काजू वेचायला जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, आरोग्य केंद्रातलं तेल चोळलेलं. पाल्यावर बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला फोन.

आणि बाबा, ताप आला तर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला द्यायचं. फक्त पॅरासिटामॉल, दुखण्यावरची दुसरी गोळी मनाने घेऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, पण आपलं आपण ती बंदही करू नका. ही बाग तुम्ही जन्मभर राखलीत, तुम्हाला शिकवणारी मी कोण, तरी यंदा एवढं ऐका. वरच्या अंगाच्या काजूंना गडी लावा, पैसे मी पाठवते.

तुमची,
बाय