पंकची फ्रेंच बाजू

रविवार पुरवणीतील पंक या रॉकच्या बंडखोर, आक्रमक संगीतप्रकारावरचा लेख लंडन आणि न्यूयॉर्कच्या पलीकडे गेलाच नाही, हे खटकले. पॅरिसमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या ‘मेताल उर्बँ’ या बँडने ड्रमवादकाला फाटा देऊन ठोके यंत्रावर सोपवले, त्यावर करकरीत गिटार आणि सिंथेसायझर चढवला आणि शब्द फ्रेंचच ठेवले. लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या रेकॉर्ड कंपनीने १९७८ मध्ये आपली पहिली तबकडी काढली, ती याच बँडची ‘पारी माकी’. आणि इंग्रज काही फ्रेंचांचे कौतुक सहजासहजी करत नाहीत. बँड थोड्याच वर्षांत मोडला, हे खरे. पण अल्पायुष्य हाच निकष असेल, तर लेखात भरभरून जागा मिळालेल्या ‘सेक्स पिस्टल्स’ या लंडनच्या बँडचाही पहिला डाव जानेवारी १९७८ मध्येच आटोपला होता.

– एक वाचक, पुणे