कामठीच्या दादांना, एका दुपट्ट्याबद्दल

दादा, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव नका टाकू ताई, मग सारे फुकट सल्ला मागतात," असं तुम्हीच म्हणाला होतात. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही आमच्या हॉलमध्ये फरशीवर बसून जे बोललात, ते बर्फीला, आमच्या हस्की कुत्रीला, घरी आणण्याआधी आमच्या कानावर पडायला हवं होतं.

बर्फी आली डिसेंबरात. नागपुरात पहाटे पारा दहाच्या खाली होता आणि ते निळ्या डोळ्यांचं पिल्लू गच्चीवरच्या गार फरशीवर पोट टेकून झोपायचं. मुलांनी नाव ठेवलं बर्फी, म्हणजे बर्फाची बर्फी आणि आपल्या संत्र्याचीही. आम्हाला वाटलं, जमलं सगळं. विकणाऱ्याने आम्हाला गोष्टच तशी सांगितली होती. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, औषध पोचवायला रस्ता नव्हता, तेव्हा वीस गाडीवानांनी कुत्र्यांच्या घसरगाड्या जोडून जवळजवळ अकराशे किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत तोडलं. हे सगळं खरं आहे, मी नंतर वाचलं. त्यातला सगळ्यात लांब टप्पा टोगो नावाच्या हस्कीने धावून काढला, नाव मात्र शेवटचा टप्पा धावलेल्या बाल्टोचं झालं, हेही वाचलं. पण विकणाऱ्याने गोष्टीतला शौर्याचा भाग तेवढा सांगितला. ती कुत्री उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीत धावत होती, आणि सैबेरियातल्या चुक्ची लोकांनी ही जात दिवस-दिवस ओझं ओढायलाच जोपासली होती, हे त्याच्या तोंडून निघालं नाही. मी "उन्हाळ्यात काय?" विचारलं तर म्हणाला, "एसी आहे ना? झालं तर मग."

झालं तर मग! मार्चपासून आमचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पैसे घेताना जो माणूस मला वहिनी वहिनी म्हणत होता, त्याने एप्रिलमध्ये फोन उचलणं बंद केलं. कुत्री विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, असे केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, हे मला तेव्हा कळलं. कागद मागायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. तो दोष आमचा.

मग एक ट्रेनर आला. बर्फी फिरायला निघाली की माझा खांदा उखडेल इतकी ओढायची, म्हणून त्याला बोलावलं. त्याने गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि म्हणाला, हिला दोन ठेवून दिल्याशिवाय ही ऐकायची नाही. तिसऱ्या दिवशी मुलाने त्याला फाटकाबाहेरूनच परत पाठवलं. आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. घरातल्या मोठ्यांना ते जमलं नव्हतं, हेही लिहून ठेवते. आणि ज्या दुकानातून खाणं आणायचो, तिथल्या माणसाने काउंटरवरूनच निकाल दिला, "सगळे केस काढून टाका, गार वाटेल."

म्हणून तुम्हाला फोन केला होता. टक्कल करायला.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला होता. सकाळी अकरालाच रस्ता तव्यासारखा झालेला, त्यात लाइट गेलेली. तुम्ही स्कूटरवरून आलात, डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा, फक्त डोळे दिसत होते. बर्फी मोरीत आडवी पडली होती. तिची धाप लागलेली, लाळ चिकट झालेली, आणि आम्ही आपले तुम्हाला सांगतोय की कुठून कापायला सुरुवात करा. तुम्ही मशीन बाहेर काढलंसुद्धा नाही. तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि मला म्हणालात, "ताई, उन्हात आपण दुपट्टा काहून बांधतो जी? मग हिचा काहून काढता?"

आणि मग स्वतःचा सोडलात.

तो बादलीत बुचकळला, अर्धवट पिळला, फरशीवर पसरला आणि एकोणीस किलोची आमची बर्फी उचलून तिला पोटावर त्याच्यावर ठेवलं. मी आणखी एक ओला टॉवेल तिच्या पाठीवर टाकायला गेले तर तुम्ही हात धरला. वरून पांघरू नका, वाफ आत कोंडते, खालून गार करा आणि वारा घाला. मुलगा पुठ्ठ्याने वारा घालत बसला. तुम्ही तिच्या जांघेत, काखेत, पंजांवर पाणी लावत राहिलात. थोडी सावरली तसं "आता डॉक्टरकडे न्या, उशीर नका करू, वरून बरी दिसते पण आत काय झालं ते आपल्याला नाही दिसत" म्हणून आम्हाला गाडीत बसवलंत. पुढचं सलाइन, इंजेक्शनं वगैरे लिहीत बसत नाही.

गाडी वळताना मी मागे पाहिलं. तुम्ही स्कूटरला किक मारत होतात, उघड्या डोक्याने. दुपारचे साडेबारा, पारा पंचेचाळीसच्या वर, कामठीपर्यंतचा रस्ता. नागपुरात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. आमच्याकडे लहान मुलगा शाळेतून उघड्या डोक्याने आला तर आजी अजूनही ओरडते. तुमचा दुपट्टा आमच्या फरशीवर ओला पडला होता, आणि तुम्हाला द्यायला आमच्या घरात दहा दुपट्टे असताना एकही द्यायचं माझ्या लक्षात आलं नाही. दादा, आभार मानायला बसले आणि आधी लाजच वाटतेय.

तुम्ही चार दिवसांनी पुन्हा आलात. तीन तास बसून दातेरी ब्रशने आतली मेलेली लोकर काढलीत. एक चादर भरली, तरी बाहेरचे लांब केस जिथल्या तिथे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हिच्या अंगावर दोन थर आहेत, आतला लोकरीचा आणि वरचा राठ, आणि वरचा थर ऊनही अडवतो. आतली लोकर गळून तिथेच अडकली की मात्र हवा खेळत नाही. तुम्ही माझं बोट धरून केसांच्या मुळाशी कातडीपर्यंत नेलंत. टक्कल केलं असतं तर कातडी भाजली असती आणि केस पुन्हा नीट आलेच असते याची खात्री नव्हती.

आणखी एक तुमचं वाक्य घरात सगळे म्हणतात. "हिचा कूलर म्हणजे हिची जीभ." हे मला इतकं पटलं! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाही, धापेतून पाणी उडतं तेवढाच गारवा. म्हणून पावसाळ्यात पारा तिशीत आला तरी सैल सोडू नका म्हणालात. आषाढात आपला कूलर नुसती दमट हवा फेकतो ना, तसंच तिच्या जिभेचं होतं. एसीवाल्या त्या शहाण्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

ओढण्याबद्दल तुम्ही हसलात फक्त. "ओढणारच ना जी, त्याच्यासाठीच तर बनली." साखळी काढून छातीवरचा पट्टा आणायला लावलात, पहाटे साडेचारला फिरवायला सांगितलंत, सायकलला जोडून पळवायचं ते थंडीत. दोन आठवड्यांत तिचं रात्रीचं ते लांबलचक रडगाणं निम्म्यावर आलं. शेजारच्या काकूंनी तर विचारलं, कुत्री आजारी आहे का. कंपाउंडवरून उडी मारून मागच्या घराच्या कोंबड्या मात्र ती अजून बघत असते. त्यावर उपाय नाही, भिंत उंच करा आणि पायथ्याशी फरशी घाला, कारण उडी नाही जमली तर ही खणेल, असं तुम्ही म्हणालात आणि तेही खरं निघालं.

टक्कल करायचे पैसे आधी ठरले होते. मशीन फिरवलं असतं तर अर्ध्या तासात काम उरकलं असतं, आम्हीही खूश झालो असतो. तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं. आपल्याकडे सरळ माणूस म्हटलं की लोक भोळा समजतात. तुम्ही भोळे अजिबात नाही. पेट्रोलचे पैसे तुम्ही मोजून घेतलेत, वर पन्नास सुटे परत केलेत.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलाला मालाम्यूट जातीचा कुत्रा घ्यायचा होता. हस्कीपेक्षा तो थोराड, नर अडतीस किलोच्या घरात जातो. त्याला मी तुमच्याकडे पाठवला. तुम्ही त्याला जातीबद्दल एक शब्द न सांगता तीन गोष्टी विचारल्यात म्हणे. दिवसा घरी कोण असतं? पहाटे साडेचारला कोण उठेल, रोज, बारा-तेरा वर्षं? मे महिन्यात लाइट गेली तर काय कराल? तो घरी आला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्याने पोलिसलाइनजवळचं एक गावठी पिल्लू आणलं. मस्त आहे, उन्हात लोळतं.

तुमचा दुपट्टा धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. बर्फीने तो खुर्चीवरून ओढून नेला आणि आता ती त्याच्यावरच झोपते, एका कोपऱ्याला भोकही पाडलंय. तो काही परत मिळायचा नाही. सीताबर्डीवरून नवीन आणलाय, पांढरा, सुती, मोठ्या पन्ह्याचा. नवतप्याच्या आधी घेऊन जा, आणि येताना जेवायच्या वेळेला या.

तुमची,
बर्फीच्या घरची ताई