लसणाचं लोणी कसं करायचं आणि मुख्य म्हणजे कुठे ठेवायचं

आई, बाबा,

नमस्कार. फोनवर सांगायला गेलं की आई "हां हां कळलं" म्हणते आणि मग स्वतःच्या मनाचंच करते, म्हणून लिहून पाठवतेय, बाबा चष्मा लावा आणि तिला मोठ्याने वाचून दाखवा. म्हापशाला आला होतात तेव्हा पोईत, म्हणजे त्या गोव्याच्या गव्हाच्या पावात, घालून दिलेलं लसणाचं बटर बाबांनी दोनदा मागून खाल्लं आणि आई लगेच म्हणाली, आजऱ्याला घरी एवढं लोणी निघतं ते सगळं तुपातच का घालवायचं. अगदी बरोबर आहे तुझं.

मी इथे बाजारातलं बटर वापरते, ते पिवळं असतं आणि त्यात मीठ आधीच असतं. आपलं म्हशीचं पांढरंफेक निघेल, त्याची काळजी नको, म्हशीच्या दुधात तो पिवळा रंगच नसतो, चवीला ते उलट जास्त छान. फक्त आई, तुपासाठी लोणी काढतेस तसं ताकासकट उचलून चालणार नाही. तुपाला कढवताना पाणी उडून जातं, इथे ते आतच राहणार आणि उरलेल्या ताकामुळेच लोण्याला दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. म्हणून थंडगार पाण्यात धू, पाणी बदलत राहा, वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत. मग परातीत घेऊन चमच्याच्या पाठीने दाबत जा, दाबलं की बारीक बारीक पाण्याचे थेंब वर येतात ते ओतून टाकायचे, परत दाबायचं, परत ओतायचं. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळं यावरच आहे.

लोणी मऊ हवं, पातळ नको. बोट दाबलं तर खड्डा पडावा आणि तो तसाच राहावा, कडेला तेल सुटल्यासारखं चकाकायला लागलं की समजायचं जास्त झालं, मग पाला आणि लसूण खाली बसतो आणि वर नुसतं तूप. इथे मे महिन्यात तर ओट्यावर ठेवून वळेपर्यंत वितळतं, तुमच्याकडे तेवढा त्रास नाही. गॅसवर गरम करायला मात्र जाऊ नकोस.

आता १०० ग्रॅम लोण्याला चार-पाच पाकळ्या लसूण, आपला गावठी बारीक असेल तर दोन-तीन जास्त. चिमूटभर मिठाबरोबर खलबत्त्यात अगदी गंध होईपर्यंत वाटायचा, तुकडे राहिले तर दाताखाली येऊन नुसता तिखट लागतो. बाबांना कच्च्या लसणाने जळजळ होते ना, मग त्यांच्या वाटणीचा अख्खा गड्डा सालासकट परसातल्या चुलीच्या गरम राखेत पुरून ठेव, मऊ झाला की पाकळी पिळली की आतला गर पेस्टसारखा बाहेर येतो, गोडसर लागतो, तो आठ-दहा पाकळ्यांचा घातलास तरी चालेल.

पाल्यामधे लोक पार्सली वगैरे घालतात, ती इथे मिळते, तिकडे शोधत बसू नका. कोथिंबीर घाला दोन चमचे, बारीक चिरून, आणि इथल्यापेक्षा तुमची ताजीच असणार, आम्हाला तर ती बेळगावहून येते आणि पावसाळ्यात घरी आणेपर्यंत अर्धी लिबलिबीत. आणि दारातल्या कुंडीत ती जाड पानांची ओव्याची पानं आहेत ना, ज्याची तू भजी करतेस, त्यातलं एखादं पान घाल. पिझ्झावर जो ओरेगॅनो भुरभुरतात त्याच्याच जातीचा वास आहे त्याला, पण दोन-तीन पानं टाकलीस तर खोकल्याचा काढा प्यायल्यासारखं वाटेल. सगळा पाला धुवून पंचावर पसरून कोरडा झाल्यावरच चिरायचा. वरून मिरपूड, आणि लिंबाची नुसती हिरवी साल किसून थोडी, रस नको, रसाने पाणी सुटतं. मीठ बाबांच्या बीपीकडे बघून, घरच्या लोण्याचा हाच फायदा की ते आपल्या हातात आहे.

आणि आता ज्यासाठी मी हे एवढं लिहायला बसले ते. आई, तू म्हणालीस की बरणीत भरून फळीवर ठेवते, लसणाची चटणी नाही का महिनाभर राहते. राहते, कारण ती कोरडी असते, खोबरं भाजलेलं, तिखट कोरडं, पाण्याचा अंश नाही. इथे ओला कच्चा लसूण आणि ओला पाला स्निग्धात बुडवून ठेवलाय, आत हवा पोचत नाही आणि लोणच्यासारखा आंबटपणाही नाही, अशा जागी बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष वासाला, चवीला अजिबात कळत नाही. म्हणजे "वास घेऊन बघितला, चांगलं होतं" हे इथे उपयोगाचं नाही. भाजलेल्या लसणालाही हेच लागू. तर केलं की लगेच फ्रिजमधे, चार दिवसांत संपवायचं, बाकीचं फ्रीजरमधे. बटर पेपरवर लांबट गुंडाळी करायची, दोन्ही टोकं चॉकलेटसारखी पिळायची, जरा घट्ट झाली की चकत्या करून डब्यात, लागेल तेवढी एक चकती काढायची, दोन-तीन महिने आरामात राहतं. तुमच्याकडे लाईट तासन् तास जाते तेव्हा फ्रीजर उघडू नका आणि वितळून कोमट झालेलं दिसलं तर सरळ टाकून द्या, आई, गाईला पण घालू नकोस.

बाबा, पोई तिकडे मिळणार नाही, इथला पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवर भोंपू वाजवत दारात येतो तशी चैन आजऱ्यात कुठली. साधा पाव मधे चिरून आत लावा, तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून. गरम नाचणीच्या भाकरीवर तर पावापेक्षा भारी लागतं असं माझं मत आहे, घरातले इथले मानत नाहीत. उकडलेल्या बटाट्यावर, मक्याच्या कणसावर पण छान. सुरमई आणलीत तर नेहमीसारखी तेलात तळा आणि ताटात घेतल्यावर वर चकती ठेवा, कढईत टाकलं तर लसूण करपून कडू होतो.

इथून करून पाठवलं असतं पण आंबोली चढेपर्यंत त्याचं पाणी होईल. बटर पेपरचा रोल मात्र पुढच्या आठवड्यात येणाऱ्यांबरोबर पाठवते, आणि आई तो पोळ्यांच्या डब्यात घालायला वापरून संपवू नकोस.

तुमची,
चिमी